परक्या घरचे गहू

ग्रीसला जाऊन आले म्हटलं की आमच्या मुलुंडच्या सोसायटीतल्या बायका आधी फोटो मागतात. निळा समुद्र, पांढरी घरं, खिडकीत लाल फुलांच्या कुंड्या. झकास असेल ना हो, म्हणतात. झकासच आहे. नजर हटत नाही असं आहे. पण माझ्याकडून कौतुक ऐकायला बसला असाल तर आत्ताच उठा. मी तिकडे फिरायला गेले नव्हते. एका कामाला गेले होते आणि ते काम झालं नाही.

बेटाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर उद्या तुम्हीही तिकीट काढाल.

मुलुंड, निघण्याआधी

काम काय ते आधी सांगते, म्हणजे पुढचा सगळा प्रवास कळेल. मागच्या वर्षी आमचे हे गेले. सकाळी चहा पिऊन बाल्कनीत बसले आणि बसल्या जागी गेले. आमचा एकुलता एक मुलगा निखिल, सून सायली आणि नात ईरा हे तिघं तिकडे, त्या बेटावर. निखिलचं काम कंप्युटरवरचं, कुठूनही करता येतं, म्हणून आधी दोन महिने राहायला गेले आणि मग तिथलेच झाले. बाप गेला तेव्हा निखिलला येता आलं नाही. राहण्याच्या परवान्याचं कार्ड अडकलंय, देश सोडला तर परत आत घेणार नाहीत, असं म्हणाला. सगळं फोनवर बघितलं त्याने. अग्नी दिला तो पुतण्याने, महेशने.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. ऊन डोक्यावर आलं, भटजी घड्याळ बघायला लागले, माणसं कुजबुजायला लागली. शेवटी महेश पुढे झाला आणि हात जोडून मोठ्याने म्हणाला, "काका, निखिलदादा वर्षश्राद्धाला येईल. नक्की येईल." आणि शिवला हो कावळा. सगळ्यांनी बघितलं.

तेव्हापासून ते शब्द माझ्या मानगुटीवर बसले होते. हे आयुष्यभर शब्दाचे पक्के. कंपनीत फिटर होते, मूळचे मालवणकडचे, बोलायचे कमी. मी कधी गोष्ट लांबवायला लागले की म्हणायचे, "काय ता सरळ सांग गो, फिरवत रव नको." असल्या माणसाला मेल्यावर आपण खोटं बोलायचं? वर्षश्राद्ध जवळ आलं तसं मी निखिलला फोनवर विचारत राहिले आणि तो "बघू आई, बघू" करत राहिला. मग मी ठरवलं, आपणच जायचं आणि कान धरून आणायचा. परतीचं तिकीट श्राद्धाच्या आधीचं काढलं. बॅगेत मालवणी मसाला, आमसुलं, सुके बोंबील, आणि कपड्यांच्या मध्ये ह्यांचा छोटा फोटो.

बोट

विमानाचं काही सांगत नाही, सगळ्यांची विमानं सारखीच. अथेन्सजवळच्या बंदरातून बोट पकडायची. बोट म्हणजे काय, आपली अख्खी सोसायटी बसेल आत, गाड्यांसकट. मला वाटलं होतं भाऊच्या धक्क्यावरून सुटते तसली लाँच असेल. निखिल न्यायला आला होता. दाढी वाढवलेली, उन्हाने रापलेला, अंगाने भरलेला. सहा वर्षांनी बघत होते. पाया पडला, मिठी मारली आणि त्याच्या शर्टाला ऑलिव्हच्या तेलाचा वास आला. घरी असताना खोबरेलाच्या वासाने नाक मुरडायचा तो.

डेकवर वारा असा की पदर हातात धरून बसावं लागलं. मी पहिला प्रश्न तोच विचारला.

"तिकीट काढलंस का माझ्याबरोबरचं?"

"आत्ताच आलीस ना गं. आधी समुद्र तर बघ."

"समुद्र आमच्याकडेपण आहे."

"बघू आई," तो म्हणाला आणि कॉफी आणायला गेला.

गाव

गाव डोंगराच्या उतारावर आहे. गाडी खालीच थांबते, पुढे दगडी पायऱ्या. घरं एकमेकांना खेटून, आमच्या जुन्या चाळीसारखी, फक्त चुना लावून चकाचक केलेली. निखिलच्या घराला अंगण, अंगणात लिंबाचं झाड, आणि कमरेएवढ्या भिंतीपलीकडे दुसरं घर. निळी दारं बंद, पण अंगणातलं डाळिंबाचं झाड लगडलेलं. डाळिंबं उकलून दाणे दिसत होते आणि कोणी तोडत नव्हतं.

"कोणाचं घर गं ते?" मी ईराला विचारलं. ती सहा वर्षांची. मराठी सगळं कळतं, पण उत्तर येतं ते ग्रीकमध्ये, आणि फारच झालं तर तोडकंमोडकं मराठी.

"यायाचं," ती म्हणाली. याया म्हणजे तिकडे आजी. शेजारची म्हातारी, मारिगो तिचं नाव, एकटी राहायची. मी यायच्या महिनाभर आधीच गेली, असं सायलीने सांगितलं. ईरा तिच्याच मांडीवर वाढली म्हणे.

"मग मी कोण?"

"आजी."

"कोणाची आजी?"

पोरीने विचार केला. "याया माझी. आजी बाबाची."

सायली हसली, म्हणाली, लहान आहे हो. मीही हसले. हसले, पण रात्रीच्या भाजीत मीठ घालायचं विसरले.

खाण्याबद्दल लोक फार विचारतात. मासे उत्तम. आपल्या मांदेलीसारखे बारीक मासे पिठात घोळून तळतात आणि डोक्यासकट खातात. धक्क्यावर दोरीला ऑक्टोपस वाळत घालतात, ते बघून मला खारदांड्याच्या वाळत घातलेल्या बोंबलांची आठवण आली. बाकी जेवणाला काही तिखटपणा म्हणून नाही. रानातला पाला उकडतात, वर लिंबू आणि तेल, झाली भाजी. एके दिवशी जिभेला राहवेना म्हणून मी बोंबील भाजले. अख्ख्या गावातली मांजरं दारात! भिंतीवर मांजर, पायरीवर मांजर, एक तर सरळ ओट्यावर. निखिलने बोंबील हातात घेऊन डोळे मिटून वास घेतला आणि चार खाल्ले. मला वाटलं, वितळला. आता येईल.

दुपारचं त्या गावात बोलायचंसुद्धा नाही. जेवून सगळं गाव दारं लावून झोपतं, संध्याकाळपर्यंत. मी आपली पहिल्याच दिवशी खलबत्त्यात लसूण कुटायला बसले तर समोरच्या घरातून म्हातारा नाइटड्रेसवर आला, दोन्ही हात कानाला लावून उभा. सायलीने धावत जाऊन माफी मागितली. आमच्याकडे वरच्या मजल्यावर ड्रिल मशीन चालू असताना माणसं घोरतात, हे त्याला कोण सांगणार!

रोज मी विषय काढायची. रोज त्याचं "बघू". कार्डाचं अजून कळलं नाही, ऑफिसात साहेब रजेवर आहे, फोन करतो, बघू. आणि रोज संध्याकाळी तो मला धरून धरून त्या पायऱ्यांवरून खाली न्यायचा, बाकावर बसवायचा, सूर्य बुडताना दाखवायचा. लोक पैसे खर्चून तो सूर्यास्त बघायला येतात. माझ्या डोक्यात एकच, हा पोरगा सरळ का बोलत नाही.

शनिवार

शनिवारी सकाळी उठले तर सायलीने मोठं पातेलं भरून गहू शिजत टाकले होते. मी स्वयंपाकघराच्या दारातच थबकले. गव्हाची खीर म्हणजे ह्यांचा जीव की प्राण. दर वाढदिवसाला केक नको, खीर हवी. गहू भिजवले की दोन दिवस आधीपासून स्वयंपाकघरात चकरा. निखिल लहानपणी त्यांच्याच ताटातली खायचा.

"एवढे गहू गं कशाला?"

"उद्या देवळात वाटायचेत, आई." तिने माझ्याकडे बघितलं नाही. "निखिल सांगेल तुम्हाला."

मला कोणी काही सांगायची गरजच उरली नव्हती. माझं मी समजले. पोराला येता येत नाही, म्हणून तो इथेच बापाच्या नावाने नैवेद्य करतोय आणि गावात वाटतोय. आईला आयत्या वेळी दाखवणार. लहानपणापासून असाच आहे, गुपचूप करतो. माझे डोळे भरून आले. मी पदर खोचला आणि बसले तिच्याबरोबर.

सायलीने गहू निथळून टेबलावर पांढऱ्या चादरीवर पसरले. मी म्हटलं, अगं पाणी काय टाकतेस, त्यातच तर गूळ शिजवायचा! "इकडे कोरडेच करतात आई," ती म्हणाली. असेल. देश तसा वेश. मी बदाम सोलले. तीळ भाजले. निखिल भिंतीवरून हात घालून शेजारची डाळिंबं तोडून घेऊन आला, ती सोलून माझी बोटं लाल झाली. तो माझ्यासमोर उभा राहिला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

मी म्हटलं, "राहू दे रे. कळलं मला."

"कळलं?" त्याचा चेहरा एकदम सैलावला. "तुला चालेल ना?"

"न चालायला काय झालं? चांगलंच करतोयस."

त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला, मी त्याची मुलगी असल्यासारखा. वर्षभरात पहिल्यांदा मला बरं वाटलं. संध्याकाळी मी त्या गव्हातले वाटीभर काढले, साखर घातली, बॅगेतला ह्यांचा फोटो काढून खिडकीत ठेवला आणि वाटी पुढे केली. म्हटलं, अहो, येणं जमलं नाही त्याला, पण विसरला नाही. खा.

रविवार

देऊळ लहानसं, आत धुपाचा वास, वाळूच्या तबकात मेणबत्त्या खोचलेल्या. मी ह्यांच्या नावाची एक लावली. पुजारी काळ्या झग्यातला, लांब दाढीचा, आवाज खणखणीत. सायलीने गव्हाची परात सकाळीच सजवून आणली होती. वर पिठीसाखरेचा जाड थर, त्यावर चांदीच्या गोळ्यांचा क्रूस. परातीच्या मध्ये एक मेणबत्ती आणि मेणबत्तीला टेकवून ठेवलेला एक फोटो.

लांबून मला वाटलं ह्यांचाच. पुढे सरकले. फोटोत एक म्हातारी होती. डोक्याला काळा रुमाल, मांडीवर ईरा.

पुजारी म्हणत होता त्यातला एकच शब्द मला कळला, तो दोनदा आला. मारिगो.

निखिल परातीमागे मान खाली घालून उभा. सायली रडत होती. प्रार्थना संपली तशी गावातली माणसं रांगेने आली, निखिलचा हात दोन्ही हातांत धरून काहीतरी बोलत होती, पुढे जात होती. मुलुंडला स्मशानात लोक असाच महेशचा हात धरत होते. मग दारात ईरा कागदी पिशव्या घेऊन उभी राहिली आणि प्रत्येकाच्या हातात एक देऊ लागली. माझ्याही दिली. आत गहू, बदाम, डाळिंबाचे दाणे. माझ्याच हाताने सोललेले.

सायलीने मला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. चाळीस दिवसांनी मेलेल्या माणसाच्या नावाने असे गहू करायचे आणि गावाला वाटायचे, ही तिकडची रीत. घरच्यांनी करायचं. मारिगोचा एकच मुलगा, तो मेलबर्नला. मातीलाही आला नाही, आताही आला नाही. म्हणून निखिलने केलं. "मी त्याला म्हणत होते आधी सांग आईंना," ती म्हणाली. "काल तो म्हणाला, आईला कळलंय, तिने हो म्हटलंय."

डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू! एकटीच पायऱ्या चढत घरी आले. खिडकीत ह्यांच्या फोटोपुढे ती वाटी तशीच होती. परक्या बाईच्या श्राद्धाचं मी माझ्या नवऱ्याला वाढलं होतं, आणि तेही कोडकौतुकाने. वाटी उचलली आणि मधल्या भिंतीवर उपडी केली. मी अजून उभीच होते तेवढ्यात एक कावळा आला, तिकडचे राखाडी अंगाचे असतात, आणि सरळ चोच घातली. लगेच. थांबला नाही, कोणाला हात जोडावे लागले नाहीत. बरोबरच आहे. त्या बाईची काही इच्छा राहिलीच नव्हती. तिचं सगळं माझ्या मुलाने केलं होतं.

निखिल मागे येऊन उभा राहिला.

"आई, मला वाटलं तुला कळलंय."

"तुझं कार्ड अडकलंय ना रे?"

तो वाकून सांडलेले गहू वेचायला लागला.

"सरळ बोल निखिल. आज तरी."

"नाही अडकलं. उन्हाळ्यातच मिळालं." आणि मग म्हणाला, "मला यायचं नाहीये, आई."

मी भिंतीला धरून खाली बसले. तोही समोर पायरीवर बसला. म्हणाला, "बाबांना नेत होते तेव्हा कोणाच्या तरी हातात फोन हलत होता. मला जिना दिसला, लोकांचे पाय दिसले. बाबा दिसलेच नाहीत. माझ्यासाठी ते अजून बाल्कनीतच आहेत गं. पेपर वाचतायत. मी तिकडे आलो, ती खुर्ची रिकामी बघितली, की संपलं."

तुम्ही म्हणाल, पोराचं दुःख आहे, आईने समजून घ्यावं. मलाही ते दुःख दिसत होतं. पण मी आजवर कोणाकोणाला समजून घेतलं ते माझं मला माहीत.

"आणि मी रे?" मी म्हटलं. "त्या रिकाम्या खुर्चीशेजारी रोज चहा कोण पितं? तुझ्या डोक्यात ते जिवंत राहावेत म्हणून मी एकटीने मेलेल्या माणसाचं सगळं बघायचं? तुझा बाप इकडे बसून तुला जिवंत दिसतो, आणि मी? जिवंत आहे ती दिसते का तुला?"

"तसं नाही गं आई."

"मग हिचं कसं केलंस? हिला बघवलं?"

"तिचं कोणी नव्हतं," तो म्हणाला. "मुलगा आला नाही तिचा. कोणीतरी करायला हवं ना."

"हो ना," मी म्हटलं. "महेशपण तेच म्हणतो."

त्याने तोंड हातात झाकलं आणि हुंदके देत रडला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला नाही. आई असून नाही फिरवला. अजूनही मला त्याचं वाईट वाटत नाही.

धक्का

उरलेले दिवस काढले. काढले म्हणजे कसे, सायली रोज काहीतरी नवीन शिजवायची, मी चांगलं झालंय म्हणायची. समुद्र तेवढाच निळा होता. निखिल जवळपास फिरकला की मी ईराला गोष्ट सांगायला लागायची. तिला आवडायच्या. कावळ्या-चिमणीतली चिमणी तिला "याया" वाटायची. वाटू दे.

बोट यायच्या आधी धक्क्यावर चौघं उभे होतो. सायलीने तेलाचा डबा आणि डाळिंबं बांधून दिली होती. डाळिंबं मी परत दिली. ईराने गळ्यात हात टाकले आणि माझ्या गालाजवळ तीनदा थुंकल्यासारखं केलं, थू थू थू. तिकडे दृष्ट लागू नये म्हणून करतात तसं, मारिगोने शिकवलेलं. आपल्याकडे मीठमोहरी, तिकडे हे. पोरीने जीव लावून केलं, त्यात तिचा काय दोष.

निखिल वाकला, पाया पडला. "आई, पुढच्या वर्षी मी नक्की..."

"बोलू नकोस," मी म्हटलं. "तिकडे ह्यांना उत्तर मला द्यावं लागतं."

बोटीचा दरवाजा वर उचलला जाईपर्यंत तो तिथेच उभा होता. मी हात केला नाही.

मुलुंड, गच्ची

वर्षश्राद्ध महेशनेच केलं. दोन नणंदा आल्या, शेजारचे आले. काळ्या वाटाण्याची उसळ, वडे, आणि गव्हाची खीर. खीर मी केली, आमच्या पद्धतीची, पाणी न टाकता, गूळ घालून. कावळ्याची वाडी घेऊन आम्ही गच्चीवर गेलो, टाकीच्या कट्ट्यावर पान ठेवलं आणि लांब झालो.

कावळे होते. डिशच्या अँटेनावर दोन, समोरच्या टॉवरच्या कठड्यावर एक. बघत होते आणि येत नव्हते. खाली पानं मांडलेली, भाताची वाफ निघून गेली. थोरल्या नणंदेला साखरेचा त्रास, तिला भूक सहन होईना. महेश दोनदा हात जोडून आला, काका, चुकलंमाकलं माफ करा. काही नाही.

मग तो माझ्या कानाशी आला. "काकी, तुम्ही बोला ना. दादा मे महिन्यात येतोय म्हणा. एवढं म्हटलं की शिवेल."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बोलायला किती सोपं होतं! मागच्या खेपेला चाललंच होतं की.

मी पानाजवळ गेले. हात जोडले नाहीत. म्हटलं, "अहो, निखिल येणार नाही. मे महिन्यात नाही, नंतरही नाही. कार्ड-बिर्ड काही नव्हतं, त्याला यायचंच नाहीये. काय ता सरळ सांगतंय. त्याची वाट बघू नका."

नणंद "अगो बाई" करून तोंडावर हात ठेवून उभी राहिली. महेशने मान खाली घातली.

मी मागे वळून जेमतेम दोन पावलं आले असेन, अँटेनावरचा कावळा खाली उतरला. वडा बाजूला सारला आणि खिरीत चोच घातली.

"शिवला! चला, पानं घ्या," महेश ओरडला आणि सगळे जिन्याकडे निघाले. मी तिथेच थांबले, कावळा खाऊन उडेपर्यंत. ह्यांना सरळ सांगितलेलं नेहमीच चालायचं. ह्यांनी वाट बघायचं सोडलं. मला अजून जमलेलं नाही.